बसमधली एकादशी

आपल्या मंडळात कुणाची युरोपची टूर ठरली आणि त्या घरात कुणाला सीलिॲक असलं, की दोन दिवसांत माझा फोन वाजतो. "ताई, तुम्ही जाऊन आलात ना? मग आठ दिवस खाल्लंत काय?" गेल्या वर्षभरात असे पाच फोन झाले. शेवटचा एका तरुण मुलीचा होता. तिनं आईबाबांना लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून इटलीची टूर दिली होती, पैसे भरून झाले होते, आणि मग आईचा रिपोर्ट आला. "मावशी, शुड दे कॅन्सल?" मी म्हटलं, मुळीच नको. पण पुढचा अर्धा तास जे बोलले त्यात निम्मं सांगायचं राहिलं, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

ज्यांच्या घरी हा पाहुणा आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं आधी. ग्लूटेन हे गहू, जव (म्हणजे बार्ली) आणि राय या धान्यांतलं प्रथिन. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो, पोळी लाटताना फाटत नाही, ती त्याचीच करामत. सीलिॲक असलेल्या माणसाची रोगप्रतिकारशक्ती या प्रथिनानं बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते. अस्तर झिजलं की खाल्लेलं अंगी लागत नाही. लोह कमी, हाडं ठिसूळ, थकवा, कुणाला जुलाब, तर कुणाला वरून काहीच नाही. ही ॲलर्जी नव्हे, आणि वजन उतरवायचं फॅड तर नव्हेच. औषध नाही. पथ्य हेच औषध, आणि ते जन्मभर. शंभरात साधारण एका माणसाला हा आजार असतो आणि त्यातल्या बहुतेकांना तो असल्याचा पत्ता नसतो.

याचं मूळ गव्हात आहे हे दाखवून दिलं ते विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञानं. त्याला संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि सगळा देश खंगत असताना हीच आजारी मुलं सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्यानं उत्रेख्त विद्यापीठात यावर प्रबंध सादर केला. मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, तरी ही गोष्ट मला माझ्या स्वतःच्या निदानानंतर कळली, याची थोडी लाज वाटते.

माझं निदान २०१५ साली झालं, वयाच्या ६६व्या वर्षी. माझं माहेर सांगलीचं. आमच्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन कमी असणं हे लांब केस असण्यासारखंच धरलं जायचं. आईचं कमी, मावशीचं कमी, म्हणून माझं कमी. लोहाच्या गोळ्या घेत मी पीएचडी केली, दोन मुलं वाढवली, विभागप्रमुख झाले. निवृत्तीनंतर मनगट मोडलं, आणि शिकाऊ वाटावी अशी एक तरुण डॉक्टर म्हणाली, एकदा सीलिॲकची रक्ततपासणी करू या का? मग एंडोस्कोपी, मग बायोप्सी. रिपोर्ट वाचून आमचे हे म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षं मी तुला पोळ्या करू नकोस म्हणायला हवं होतं."

घरी पथ्य जमायला तीन महिने लागले. ज्वारी, तांदूळ, नाचणी आपल्या हाताशी असते; इटालियन माणसापेक्षा मराठी माणसाला हे सोपं, असं मी फुशारकीनं सांगत असे. मग सप्टेंबर २०१६मध्ये आम्ही इटलीच्या टूरला गेलो.

टूर म्हणजे ३८ माणसं, सात रात्री, पाच शहरं. टूरच का, स्वतंत्र का नाही, असं मुलं विचारतात. कारण यांच्या गुडघ्याला जिने चालत नाहीत, बॅगा कुणीतरी उचलायला हव्यात, आणि खरं सांगायचं तर बसमध्ये मागच्या सीटवर चाललेल्या भेंड्यांशिवाय प्रवास मला बेचव लागतो. पैसे भरताना फॉर्मवर 'ग्लूटेन फ्री' या चौकटीत मी बरोबरची खूण केली. पहिल्या संध्याकाळी टूर मॅनेजरला पुन्हा सांगितलं. तो गोड हसून म्हणाला, "नो प्रॉब्लेम!" वाचकहो, हे दोन शब्द ऐकलेत की सावध व्हा. ज्याला विषय कळलेला असतो तो प्रश्न विचारतो. 'नो प्रॉब्लेम' तो म्हणतो, ज्याला पुढच्या माणसाची खोलीची किल्ली द्यायची असते.

पहिले तीन दिवस सॅलड, फळं आणि उकडलेली अंडी यांवर निभावले. गाडीत एक वहिनी गणपतीचा प्रसाद म्हणून रव्याचे लाडू वाटत आल्या. मी नको म्हटलं. "अहो, प्रसाद आहे. कणभर घ्या, कणभरानं काय होतंय?" मी कपाळाला लावून रुमालात बांधून ठेवला, तर त्यांचा चेहरा उतरला. पुढचे दोन तास मी खिडकीबाहेर बघत बसले.

चौथ्या रात्री मुक्काम फ्लॉरेन्सपासून तासाभरावरच्या एका हॉटेलात होता. पोचायला उशीर झालेला, ३८ जणांना एकाच वेळी वाढायचं म्हणून वाढपी धावत होते. माझ्यासमोर सूप आलं. पांढरे वाल, गाजर, आणि मधे तांबूस, फुगलेले दाणे. मी विचारलं, "पास्ता?" तो म्हणाला, "नो पास्ता." "पाव?" "नो." तो खोटं बोलला नाही. दाणे कसले, हे विचारायला मी तोंड उघडलं होतं, पण शेजारच्या टेबलावरून दोघं त्याला हाका मारत होते आणि माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतोय असं मला वाटलं. मी सूप प्याले. चव ओळखीची वाटली. इतकी ओळखीची, की बरं वाटलं.

तो दाणा म्हणजे फार्रो. टस्कनीत त्याचं सूप घरोघरी करतात. आणि फार्रो म्हणजे आपला खपली गहू. आमच्या सांगलीकडे सणाला ज्याची खीर करतात, गूळ आणि खोबरं घालून, तोच. आईच्या हातची चव मला आठवत होती आणि मी ती ओळखली नाही.

रात्री दोनला सुरू झालं ते पहाटे सहापर्यंत. सगळ्यांना असं होत नाही. काहींना बाहेरून काहीच जाणवत नाही, आतलं नुकसान तेवढं होतं. माझं शरीर मात्र लगेच हिशेब चुकता करतं. सकाळी साडेसातला बस फ्लॉरेन्सला निघाली. मी खोलीत होते, आणि मला एकटं सोडायचं नाही म्हणून हेही. फ्लॉरेन्समध्ये नदीकाठी म्युझिओ गॅलिलिओ आहे. गॅलिलिओनं वापरलेल्या दुर्बिणी तिथं आहेत, आणि गुरूचे चंद्र पाहिलेलं त्याचं भिंग, तडा गेलेलं, हस्तिदंती चौकटीत बसवलेलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी तीसेक वर्षं त्याची गोष्ट सांगत आले होते. टूरच्या कार्यक्रमात फ्लॉरेन्सला जो दोन तासांचा मोकळा वेळ होता, तो मी त्यासाठी राखून ठेवला होता. तो मी हॉटेलच्या न्हाणीघरात घालवला.

घरी परतल्यावर मी इटलीला नावं ठेवली. मग नीट वाचलं आणि ओशाळले. सीलिॲक असलेल्या प्रवाशासाठी इटलीइतका सोयीचा देश युरोपात शोधावा लागेल. २००५ साली तिथं या आजारासाठी स्वतंत्र कायदा झाला. रुग्णाला दरमहा ग्लूटेनविरहित अन्नासाठी सरकारी भत्ता मिळतो, शाळा-इस्पितळांच्या खाणावळींना मागितल्यास असं जेवण द्यावं लागतं, हिरव्या क्रॉसच्या पाटीच्या औषधाच्या दुकानात पाव आणि बिस्किटं मिळतात. तिथल्या रुग्णसंघटनेची, पारखून घेतलेल्या उपाहारगृहांची यादी आहे. सुपरमार्केटात 'सेन्त्सा ग्लूतिने' अशी पाटी असलेला कप्पा असतो. शिवाय २०१४च्या डिसेंबरपासून सगळ्या युरोपीय संघात उपाहारगृहांना १४ ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती देणं बंधनकारक आहे, आणि त्या यादीत ग्लूटेनवालं धान्य सगळ्यांत वर. मी ज्या हॉटेलात बसले होते तिथंही ती माहिती असणार. मी ती मागितली नाही.

तेव्हा दोष देशाचा नव्हता. टूरवर अन्न कमी पडत नाही, वेळ कमी पडतो. स्वतंत्र प्रवासी एका हॉटेलात नाही म्हणाले तर पुढच्यात जातो. आपण जाऊ शकत नाही, बस सव्वाला सुटते. आणि ज्याच्यापाशी वेळ नाही त्याला संकोच फार महाग पडतो.

२०२४च्या मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. तशीच टूर, ४१ माणसं, तसंच धावतं वेळापत्रक. तयारी मात्र वेगळी.

पैसे भरायच्या आधी मी कंपनीला 'ग्लूटेन फ्री मिळेल का' असं विचारलंच नाही. त्याला उत्तर एकच असतं. मी विचारलं: कुठली जेवणं तुमच्याकडून आहेत, त्यातली कुठली आधीच ठरलेल्या मेनूची आहेत, आणि रोज दुपारी साडेबारा ते दोन बस कुठं असेल? तिसऱ्या प्रश्नावर फोनवरची मुलगी गप्प झाली. मग तिनं कुणालातरी विचारून खरोखर एक तक्ता पाठवला. आठपैकी पाच दिवस दुपारी आम्ही महामार्गावर असणार होतो. बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती घ्यायची युरोपीय कायद्यानं सक्ती आहे. टूरचे थांबे त्या घड्याळावर ठरतात, आपल्या भुकेवर नाही. त्या ४५ मिनिटांत ४१ माणसं, दोन रांगा, त्यातली एक स्वच्छतागृहाची. तिथं काउंटरवरच्या मुलीला सीलिॲक समजावून सांगणं अशक्य. म्हणून पहिला निर्णय: दुपारचं जेवण माझं मी न्यायचं.

इथून पुढं आपल्या आज्या-पणज्या कामाला आल्या. पंढरीच्या वाटेवर जे टिकतं ते मिलानच्या वाटेवरही टिकतं. पहिल्या दोन दिवसांना ज्वारीच्या दशम्या, दुधाऐवजी गरम पाण्यात भिजवलेल्या, आणि दाण्याची चटणी. पुढच्या दिवसांना कोरडे पोहे: पातळ पोहे भाजून, कढीलिंब, मिरची, दाणे घालून फोडणी द्यायची; वर कढत पाणी ओतून पाच मिनिटं झाकलं की झाले. युरोपातल्या हॉटेलांत खोलीत किटली असेलच असं नाही, म्हणून छोटी प्रवासी किटली आणि थर्मास बॅगेत टाकला. शिवाय राजगिऱ्याच्या वड्या, शेंगदाण्याचे लाडू, खजूर.

हे करताना आपल्याच स्वयंपाकघरात किती सुरुंग पेरलेले आहेत ते कळलं. दुकानातलं ज्वारीचं पीठ बऱ्याचदा गव्हाच्याच गिरणीत दळलेलं असतं; पाकिटावर ग्लूटेनविरहित लिहिलेलं नसेल तर घेऊ नका, किंवा अख्खी ज्वारी निवडून घरी दळा. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत गहू असतो. मेतकुटात असतो, आणि आपण ते आजारी माणसाला मऊ भातावर घालून देतो! सातूचं पीठ तर नावापासूनच बाद. आणि सगळ्यांत लबाड तो हिंग. डबीतला कुटलेला हिंग म्हणजे निव्वळ हिंग नव्हे. त्यात डिंक आणि पीठ असतं, पुष्कळदा गव्हाचं. तांदळाच्या पिठातलाही मिळतो, डबी उलटी करून वाचा. भारतातून प्रेमानं कुणी खपलीचं पीठ पाठवतं, "यात ग्लूटेन कमी असतं हं" म्हणून. कमी असेल, नसेल. खपली हा गहूच आहे आणि तो चालत नाही. हे मी किती किंमत मोजून शिकले ते वर आलंच आहे.

किती कणभर चालतं, असं विचाराल. ग्लूटेनविरहित म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नको, ही युरोपात, ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही मर्यादा आहे. दिवसभरात एकूण दहा मिलिग्रॅमच्या आत राहावं असं तज्ज्ञ सांगतात. पावाच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन-अडीच ग्रॅम असतं. म्हणजे स्लाइसचे दोनशे तुकडे केले तर त्यातला एक. तुमच्या शर्टावर पडला तर तुम्ही झटकणारही नाही, एवढा.

सामान भरताना एक लक्षात ठेवा. ब्रिटनमधून युरोपीय संघात आता मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, पनीर घरीच. ताजी फळं-भाज्याही कागदपत्रांशिवाय चालत नाहीत; अपवाद पाचच: केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन. ड्युरियन सोडला तर आपल्या पूजेचं ताटच म्हणा ना. भारतात जाताना लांबच्या विमानासाठी जेवण नोंदवाल तेव्हा 'जीएफएमएल' हा ग्लूटेनविरहित जेवणाचा संकेत आहे, पण त्यात कोंबडी किंवा मासा येऊ शकतो, आणि बहुतेक कंपन्या एका प्रवाशाला एकच संकेत घेऊ देतात. शाकाहारी असाल तर कंपनीला आधी फोन करा आणि तरीही डबा न्या.

पहिल्या संध्याकाळी मी टूर मॅनेजरला गाठलं. या वेळी एक चाळिशीची इटालियन बाई होती. कंपनीला पाठवलेलं पत्र तिच्यापर्यंत पोचलेलं नव्हतंच. ऑफिसात पत्र वाचणारा माणूस आणि बसमध्ये बसणारा माणूस वेगळा असतो, म्हणून छापील प्रत हातात द्यायचीच. मी म्हटलं, "मला वेगळं जेवण नको. मला तुमची रोज दुपारी दोनची पाच मिनिटं हवीत. तेव्हा रात्रीच्या जागी फोन करून सांगा." ४१ ताटं एकदम निघायच्या वेळी स्वयंपाक्याला काही सांगणं म्हणजे मांडवात वरमाला पडताना भटजींना मुहूर्त विचारणं. पाच तास आधी सांगितलं तर तो पातेलं बाजूला ठेवतो. तिनं लगेच प्रश्न विचारले: तेल वेगळं लागेल का, पास्ता शिजवलेलं पाणी चालेल का? तिथंच माझा जीव भांड्यात पडला.

मग मी तेच गाडीतल्या मंडळींना सांगितलं. यात मला आठ वर्षांपूर्वी चूक झाली असं आता वाटतं. तेव्हा मी ज्याला-त्याला आतड्याचं अस्तर समजावत बसले होते. या वेळी पहिल्याच सकाळी माइक हातात आला, प्रत्येकानं आपली ओळख करून द्यायची होती. मी म्हटलं, "माझी बाराही महिने एकादशी आहे असं समजा. फक्त गव्हाची." सगळे हसले, आणि विषय संपला. एकादशीच्या माणसाला आपल्याकडे कुणी 'अर्धी पोळी घे, काय होतंय' म्हणत नाही. उलट तिसऱ्या दिवशी पुढच्या सीटवरचे काका आपली साबुदाण्याची चिवड्याची पुडी घेऊन आले, "उपासाचा आहे, तुम्हाला चालेल ना?" वर पाकीटही वाचून आणलं होतं.

सकाळचा नाश्ता म्हणजे टूरवरची सगळ्यांत फसवी जागा. सगळं समोर मांडलेलं, हवं ते घ्या. पण साडेसातला गेलात तर लोण्यात पावाचा चुरा, जॅमचा चमचा तीन पावांवरून फिरलेला, चिमटा क्रॉसाँवरून फळांवर. दार उघडायच्या वेळी, साडेसहाला, पहिला नंबर लावायचा. झाकणबंद दही, सालीची फळं, उकडलेली अंडी. कॉर्नफ्लेक्स मक्याचे असले तरी त्यात बहुधा जवाचं माल्ट असतं. पाव मागितला तर तो बहुतेक ठिकाणी वेगळ्या पाकिटात देतात, पण सगळ्यांच्या टोस्टरमध्ये घालू नका. मी गारच खाते.

रात्रीची तीन जेवणं भारतीय हॉटेलांत होती, आणि मला भीती तीच होती. तंदूरची कणीक हवेत, भजी-सामोसे एकाच कढईत, आणि हिंग. व्हेनिसजवळच्या एका हॉटेलात मी सरळ मुदपाकखान्याच्या दाराशी गेले. पंजाबी स्वयंपाकी होता, तिशीचा. म्हटलं, "बेटा, हींग की डिब्बी दिखाओगे?" त्यानं आणली. आम्ही दोघांनी मिळून वाचली. तो दोनदा वाचत राहिला. "आंटीजी, हींग में आटा? बारह साल से डाल रहा हूँ!" मग त्यानं वरण बाजूला सारलं, एक स्वच्छ पातेली धुऊन घेतली आणि जिऱ्याच्या फोडणीत बटाटा-टोमॅटो केला, वर भात. गाडीतल्या बाकीच्यांना माझं ताट बघून हेवा वाटला. निघताना त्यानं डबीचा फोटो काढून ठेवला.

इटालियन जेवणांत मला काही कमी पडलं नाही. मिलानचा केशर घातलेला रिझोट्टो म्हणजे तुपाऐवजी लोण्यातला मऊ भात. फक्त त्यातलं पाणी कसल्या ठोकळ्याचं आहे एवढं विचारायचं. उत्तरेत पोलेंटा, मक्याची उकडच ती. पिसाला दुकानाच्या काचेत चेचिना दिसली, डाळीच्या पिठाचं जाडसर धिरडं, आपल्या पोळ्याची सख्खी बहीण. तोंडाला पाणी सुटलं. विचारलं तर पिझ्झाच्याच भट्टीत भाजलेली. बारा मिनिटं उरली होती. फोटो काढला आणि बसमध्ये चढले. अशा वेळी वाईट वाटतं, ते वाटतंच. इटालियनमध्ये बाईनं म्हणायचं 'सोनो चेलियाका', पुरुषानं 'सोनो चेलियाको'. हे म्हटलं की समोरच्याचा चेहरा गंभीर होतो. इंग्रजीत सांगितलं की होत नाही.

फ्लॉरेन्सला या वेळी अडीच तास मोकळे होते. बाकीची मंडळी जेवायला जागा शोधत पांगली. पहिली पंचावन्न मिनिटं त्यांची त्यात गेली असं मागाहून कळलं. आम्ही दोघांनी अर्नो नदीच्या कठड्याशी उभं राहून थर्मासातलं पाणी पोह्यांवर ओतलं आणि दहा मिनिटांत जेवलो. म्युझियम समोरच होतं. गॅलिलिओचं भिंग मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं. चौकट एवढी नक्षीदार की तडा गेलेली काच आधी दिसतच नाही. मी त्याच्यासमोर किती वेळ उभी होते ते माहीत नाही. यांनी दोनदा घड्याळ दाखवलं. त्याच संग्रहालयात गॅलिलिओचं बोटही काचेच्या भांड्यात ठेवलेलं आहे. ते बघून हे म्हणाले, "बघ, यालाही शेवटी बोट दाखवूनच सांगावं लागलं." बसला आम्ही चार मिनिटं आधी पोचलो.

आणखी एक सांगायचं राहतंय, आणि ते टूरपेक्षा महत्त्वाचं आहे. हा आजार घराण्यातून येतो. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात दहातल्या एकाला तो असण्याची शक्यता धरतात. माझ्या निदानानंतर मुलगा आणि मुलगी दोघांची तपासणी झाली, दोघांची ठीक आली. नातीची उंची दोन वर्षं वाढेना तेव्हा मुलीला पुन्हा आठवण झाली. नात तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिची तपासणी ठीक आली नाही. तुमच्या घरात कुणाला निदान झालं असेल तर बाकीच्यांची तपासणी करून घ्या, आणि ती होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच बंद केला तर रक्तात काही सापडत नाही आणि खोटा दिलासा मिळतो. आपल्याकडे उत्साहानं आधी पथ्य आणि मग डॉक्टर, असा क्रम असतो. इथं तो उलटा हवा.

नात आता अकरा वर्षांची आहे. या जूनमध्ये शाळेची चार दिवसांची सहल वेल्सला होती. तीन महिने आधी तिनं मला विचारलं, "आजी, इफ दे से नो प्रॉब्लेम, व्हॉट डू आय आस्क?" आम्ही दोघींनी बसून चार प्रश्न लिहिले: टोस्टर वेगळा आहे का, तळायचं तेल वेगळं आहे का, सूप कशानं दाट करता, आणि डोंगरावर नेतात त्या दिवशी डबा कोण भरणार? आई फोन करते म्हणाली, तर ही म्हणाली, मीच करणार. केला. मी शेजारी बसून ऐकत होते. पलीकडची बाई चौथ्या प्रश्नाला थांबली आणि म्हणाली, थांब हं, विचारून सांगते.

परत आल्यावर तिचा फोन आला. टोस्टर वेगळा होता, त्यावर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती, ते तिला फारसं आवडलं नव्हतं. राजगिऱ्याच्या वड्या पहिल्याच रात्री संपल्या. तिच्या खोलीतल्या तिघी मैत्रिणींनी खाल्ल्या. "नेक्स्ट टाइम डबल दे, आजी," म्हणाली.